फरशीवरून गेलेली आग

ती घटना आठवली की मला आधी स्वतःची लाज वाटते आणि मग वाईट वाटतं. पोलीस खात्यात तीस वर्षांहून जास्त नोकरी केली. त्यातली बरीचशी गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांतच गेली. एटापल्लीकडच्या जंगलात होतो, जिवतीच्या पहाडावर होतो. निवृत्तीनंतर कुठे बोलायला बोलावलं तर लोकांना बंदुकीच्या गोष्टी ऐकायच्या असतात. मी बहुतेक वेळा हीच सांगतो. हिच्यात बंदूक नाही, टोळी नाही. एक स्वयंपाकघर आहे, प्लास्टिकचा एक कॅन आहे आणि माझ्या हातून झालेली एक चूक आहे. नाव कुणाचं देत नाही, गावाचंही नाही.

करोनाची साथ ओसरून दोनेक हिवाळे झाले होते. मी तालुक्याच्या एका गावी ठाणेदार होतो. चंद्रपूर तिथून दीड तासावर. त्या दिवशी सकाळची हजेरी आटोपली होती, ठाणे अंमलदार चार्ज घेऊन टेबलाशी बसला होता, तेवढ्यात ग्रामीण रुग्णालयाचा माणूस मेमो घेऊन आला. विवाहित स्त्री, वय बत्तीस, भाजलेली, प्रकृती गंभीर, चंद्रपूरला हलवत आहोत. स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगून मी आमच्या महिला हवालदार बाईंना सोबत घेतलं आणि निघालो.

पोचलो तेव्हा तिला रुग्णवाहिकेत चढवत होते. शुद्धीवर होती. दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत, पोट, मांड्या, गुडघे भाजलेले. केस मात्र शाबूत होते. तेल लावून घातलेली वेणी तशीच्या तशी खांद्यावर पडली होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पण टिपणात लिहिलं नाही.

नवरा भिंतीला टेकून उभा होता. चाळिशीतला, सडपातळ माणूस. साथीच्या काळात गावाबाहेरच्या एका वसतिगृहात विलगीकरण केंद्र उघडलं होतं, तिथे तो कंत्राटी चौकीदार होता. केंद्र बंद पडलं तरी सामान पडून होतं, म्हणून त्याला राखणीला ठेवलं होतं. त्याच्या दोन्ही तळव्यांवर फोड आले होते.

"तू कुठे होतास?" मी विचारलं.

"घरामागं होतो साहेब. लाकडं फोडत होतो."

"मग हाताला काय झालं?"

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. ते हात कुणा दुसऱ्याचे असावेत असं बघत होता. "विझवलो," एवढंच म्हणाला.

घटनास्थळाचा पंचनामा करायला आम्ही त्याच्या घरी गेलो. साधं घर, एका ओळीत तीन खोल्या. समोरच्या खोलीत बुद्धाची लहान मूर्ती आणि मुलीचं दप्तर. मधल्या खोलीत बाजेवर त्याची आई. शेवटी स्वयंपाकघर, आणि त्याला मागच्या अंगणात उघडणारं दार. आग स्वयंपाकघरात लागली होती. मी पंचांना घेऊन आत गेलो आणि प्रत्येक वस्तू पाहिली. गॅसची शेगडी बंद, नळी शाबूत, सिलिंडर शाबूत. रॉकेलचा मागमूस नाही. काड्यापेटी वरच्या फळीवर, जागच्या जागी. खिडकीत थंडी येऊ नये म्हणून पोतं कोंबलेलं. फरशीच्या मधोमध वितळलेली बादली आणि जळक्या फडक्याचे तुकडे. मागच्या दाराबाहेर पायरीवर पाच लिटरचा एक पांढरा कॅन होता, अर्ध्याहून कमी भरलेला. टोपण काढून हुंगलं तर इंजेक्शन देण्याआधी दंडावर लावतात त्या स्पिरिटचा वास. त्यावरचा कागद अर्धा सोलून निघालेला, उरलेल्यावर इंग्रजी अक्षरं.

पोलिसाच्या डोक्यात हिशेब आपोआप जुळत जातो. गॅस बंद, रॉकेल नाही, काड्यापेटी वर. म्हणजे आग आपोआप लागलेली नाही. ज्वालाग्राही पदार्थ दाराबाहेर, आणि नवराही दाराबाहेर. त्याचे तळवे भाजलेले. मी कॅन सील करून जप्त केला.

त्याच्या आईकडे वळलो तेव्हा माझं मत जवळपास तयार झालं होतं. म्हातारी सत्तरीच्या आसपासची. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. चार दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दुसऱ्या डोळ्यानंही तिला अंधुकच दिसायचं. ती सांगत होती.

"माह्या शेगडीतून गेली बापा आग. निळी होती. फरशीवरून गेली, दाराखालून आत गेली."

मी तिच्या बाजेजवळच्या शेगडीकडे पाहिलं. नेहमीची मातीची शेगडी, राखेनं भरलेली. तिच्यापासून स्वयंपाकघराचं दार सात-आठ हात लांब. फरशी कोरडी. मला वाटलं, ही पोराला वाचवते आहे, आणि तेही धड जमत नाही. हवालदार बाई कागद-पेन घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना म्हणालो, "लिहा, घटना प्रत्यक्ष पाहिली नाही, सुनेचा ओरडा ऐकून कळलं." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि लिहिलं. म्हातारीचा अंगठा घेतला.

दुपारी शेजारची एक बाई ठाण्यात आली. दारातच थबकली, मग पदर सावरत आत आली.

"साहेब, माहं नाव नका लिवू. पण कानानं ऐकलं ते सांगते. काल सांजच्याला दोघांचं लई वाजलं. ती म्हने, 'मले हे घरात नाई पाहिजे.' तो म्हने, 'गप राय, मी सांगतो तसं कर.' आन आज हे असं."

"काय नको होतं तिला घरात?"

"ते नाई समजलं. कॅनचंच असन. दोन-चार दिवस झाले, तोच घेऊन आला होता सायकलवर."

ती बाई खोटं बोलत नव्हती. जे ऐकलं तेच तिनं सांगितलं. अर्थ मी लावला.

चंद्रपूरला नायब तहसीलदारांनी त्या सुनेचा जबाब घेतला. त्याची प्रत संध्याकाळी माझ्या हातात आली. डॉक्टरांनी ती शुद्धीवर असल्याचं लिहून दिलं होतं. जबाब चार ओळींचा होता. तिच्याच शब्दांत लिहिला होता: "पानी पेटलं. मी फरशी पुसत होती. कोनी नाई केलं. त्यायनं आणलेलं पानी पेटलं."

इथे मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या ठाण्यात असताना, अशीच एक भाजलेली बाई 'स्टोव्ह भडकला, कोणी नाही केलं' म्हणाली होती. मी विश्वास ठेवला आणि आकस्मिक मृत्यू म्हणून कागद बंद केले. पुढे कळलं की लेकरांना सांभाळणारं कुणीतरी उरावं म्हणून ती नवऱ्याला वाचवून गेली. ते मला फार लागलं होतं. तेव्हापासून 'कोणी नाही केलं' ही ओळ वाचली की माझी नजर सरळ नवऱ्याकडे जायची. अनुभवानं माणूस शहाणा होतो असं आम्ही नव्या पोरांना शिकवायचो. त्या संध्याकाळी माझा अनुभवच मला आंधळा करत होता, हे मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला. एसटीत वाहक, शांत स्वभावाचा वाटला.  बहिणीला वर्षभर माहेरी येऊ दिलं नाही, सासूची सेवा तिच्याकडूनच करून घेतली, अशी तक्रार त्यानं दिली. तक्रारीवर सही केली आणि सात वर्षांच्या भाचीला सोबत घेऊन गेला. मुलगी ठाण्याच्या पायऱ्या उतरताना एकदाही मागे वळली नाही. मी नवऱ्याला चौकशीसाठी बोलावून घेतलं.

चौकशीच्या खोलीत तो दिवसभर गप्प होता. मी रागावून विचारलं, समजावून विचारलं, चहा देऊन विचारलं. भांडण झालं का? झालं. कशावरून? गप्प. कॅन कुठून आणला? गप्प. माणूस गप्प बसला की दोनच गोष्टी असतात असं मी मानत असे. एक तर तो काही लपवतो, नाहीतर कुणाला तरी वाचवतो. तिसरीही गोष्ट असू शकते, याचा तेव्हा मी विचार केला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपूरहून फोन आला. ती गेली होती.

मी खोलीत गेलो आणि त्याला उभ्यानंच सांगितलं. खरं सांगतो, सांगताना मी त्याच्या चेहऱ्यावर नजर रोखून होतो. धंद्याची सवय. तो हळूहळू भिंतीला घसरत खाली बसला. रडला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "मीच मारलो तिले, साहेब. लिवून घ्या."

"कसं मारलंस?"

"मीच आणलो. मीच सांगतलो तिले."

"काय सांगितलंस?"

त्यावर तो पुन्हा गप्प झाला. पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, हे मला पाठ होतं. पण माझ्यापुरतं प्रकरण मिटलं होतं. खुनाचं कलम लावलं, अटकेचा पंचनामा केला, न्यायालयातून पोलीस कोठडी घेतली. वरिष्ठांना फोनवर कळवलं तेव्हा माझ्या आवाजात समाधान होतं, हे मला आजही आठवतं.

अंत्यविधीला त्याला दोन शिपायांसोबत नेलं. मेहुण्यानं हात आडवा करून जवळ येऊ दिलं नाही. तो वाटेवरच्या एका मोहाच्या झाडाखाली उभा राहिला आणि तिथून हात जोडले. बुद्धवंदना त्याला ऐकू येत होती की नाही, माहीत नाही. शिपाई म्हणाले, त्याचे ओठ हलत होते.

प्रकरण पुन्हा उघडलं ते हवालदार बाईंमुळे. त्या मूळच्या धानोऱ्याकडच्या, कमी बोलणाऱ्या. अंत्यविधीच्या दोन दिवसांनंतर त्या सकाळीच माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, काल ड्युटी सुटल्यावर मी त्या म्हातारीकडं गेली होती. एकटी हाये घरात. डोळ्यात ड्रॉप टाकाले कोणी नाई. ड्रॉप टाकून देल्ले."

"बरं केलंत."

"तिच्या टाचेला फोड हायेत. जळल्याचे. हळद लावून फडकं बांधलं तिनं." त्या थांबल्या. "ती तर मधल्या खोलीत होती साहेब. आग तिनं पाहिलीच नाई, असं लिवलं आपण."

मी उठलो. टोपी घेतली आणि गाडी काढायला सांगितली.

या वेळी मी ते घर गुडघ्यांवर बसून पाहिलं. मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जाणाऱ्या दाराचा खालचा चार बोटं भाग काळा पडला होता. दोन्ही बाजूंनी. त्याच्या वर हिरवा रंग जसाच्या तसा. पहिल्या दिवशी मी त्या दारातून चार वेळा आत-बाहेर केलं होतं, पण माणसाच्या उंचीवरून पाहत होतो. बाजेवरून लोंबणाऱ्या गोधडीची कड करपलेली होती, फक्त खालचं टोक. बाजेच्या पायांनाही तळाशीच काळं लागलं होतं. शेगडीपासून दारापर्यंत आग गेली होती, पण जमिनीला धरून गेली होती.

मी म्हातारीजवळ बसलो. "आजी, आता सांगा. मी ऐकतो."

तिनं सांगितलं ते हवालदार बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतलं.

डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं की डोळ्यात घाण जाऊ द्यायची नाही, धूर लागू द्यायचा नाही, घर स्वच्छ ठेवायचं. सुनेनं ते फार मनावर घेतलं. रोज सकाळी सगळं घर पुसायची. नवऱ्यानं केंद्रातून दवाखान्याचं स्पिरिट आणून दिलं, यानं जंतू मरतात म्हणून. आधी ती बादलीभर पाण्यात थोडं टाकून पुसायची. त्या सकाळी तिनं पाणी घातलंच नाही. नुसतं स्पिरिट बादलीत ओतलं, कॅन बाहेर पायरीवर ठेवला, थंडी होती म्हणून मागचं दार लोटून घेतलं. मधली खोली आधी पुसली, मग स्वयंपाकघरात जाऊन गुडघ्यांवर बसून फरशी घासायला लागली. म्हातारीला थंडी वाजत होती. धूर नको म्हणून सुनेनंच तिला अंगणातल्या चुलीतले लाल निखारे शेगडीत भरून दिले होते.

"निखारे विझत आले मनून मी तुराटीची एक काडी टाकली," म्हातारी म्हणाली. "जाळ आला. आन तो जाळ शेगडीतून खाली उतरला बापा. पान्यासारखा. मी पाय वर घेतला तोवर चटका बसला. मी आवाज देईपर्यंत तो दाराखालून गेला. मंग ती ओरडली."

 मग तिनं उघड्या डोळ्यानं माझा चेहरा शोधला.

"हे मी पहिलेच सांगतली होती. काऊन नाई लिवलं?"

नोकरीत मला मंत्र्यांनी प्रश्न विचारले, न्यायाधीशांनी विचारले, उलटतपासणीत वकिलांनी घाम फोडला. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हवालदार बाईही खाली बघत होत्या. त्यांना मीच सांगितलं होतं काय लिहायचं ते.

तरी खात्री हवी होती. आग जमिनीवरून चालत जाते, हे मी न्यायालयात कुणाच्या भरवशावर सांगणार? गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे एक सर होते. त्यांना ठाण्यात बोलावलं. त्यांनी औषधाच्या दुकानातून तसंच स्पिरिट मागवलं आणि ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत पत्र्याची एक पन्हळ तिरपी ठेवली. वरच्या टोकाला स्पिरिटनं भिजवलेलं फडकं, खालच्या टोकाला पेटती मेणबत्ती. मधे हातभर कोरडा पत्रा. आम्हाला लांब उभं केलं. काही क्षण काहीच झालं नाही. मग मेणबत्तीपासून निळसर काहीतरी सुटलं आणि पन्हळीतून वर सरकत गेलं. डोळा लवेपर्यंत फडकं पेटलं होतं. उन्हात ती ज्वाळा नीट दिसतही नव्हती. हवा तेवढी थरथरत होती.

"पेटतं ते पातळ द्रव्य नाही, त्याची वाफ," सर म्हणाले. "ती हवेपेक्षा जड. बंद खोलीत वर न जाता जमिनीवर पसरते, दाराखालून पलीकडे जाते. माणसाला वाटतं फरशी वाळली, काम झालं. वाफ मात्र तिथेच असते. तिला कुठे ठिणगी भेटली की आग उलटी चालत येते."

"पाणी मिसळलं असतं तर?"

"तरी पेटतं. धोका कमी होतो, जात नाही. आणि गंमत बघा..." ते थांबले, शब्द चुकला हे त्यांच्या लक्षात आलं. "दुर्दैव बघा. जंतू मारायलाही हे निखळ नीट चालत नाही. झटकन उडून जातं. जंतूवर टिकायला त्यात पाणी लागतंच. दवाखान्यातही पाणी मिसळून, चिमूटभर कापसावर घेऊन वापरतात. फरशीवर ओतायची ही वस्तू नाही. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यासाठी फरशी साबणाच्या पाण्यानं पुसली असती, तरी पुरलं असतं."

मी कोठडीतून नवऱ्याला बाहेर आणवलं. या वेळी चौकशीच्या खोलीत नेलं नाही, माझ्या खोलीत बसवलं.

"आदल्या दिवशी ती घरात काय नको म्हणत होती?"

 मग सगळं एकदम बाहेर आलं.

"स्पिरिट. वासानं डोकं दुखते म्हने. मी म्हटलो, आईच्या डोळ्यासाठी तर आणलो. ती पानी टाके त्यात. मी चिडलो. म्हटलो, पानी टाकून काय फायदा, असर जाते. जसं हाये तसंच टाक. ती नाई म्हणे. मी म्हटलो, गप राय, मी सांगतो तसं कर." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मी सांगतलो मनून तिनं तसं केलं. मंग कोनं मारलं साहेब तिले?"

"केंद्रात पाणी मिसळत होते ना?"

"सिस्टरबाई बाटल्यांत भरत होत्या. आत काय करे, मले का माहीत. मी कॅन उचलून देणारा माणूस. त्यावर इंग्रजी लिवलं होतं."

मी त्याला विचारलं होतं, कोणी मारलं. त्यानं त्याच्या मनाला विचारलं होतं, कोणामुळे मेली. उत्तर त्यानं त्याच्या प्रश्नाचं दिलं आणि मी ते माझ्या प्रश्नाखाली लिहून घेतलं. मी त्याला म्हणालो, "तू मारलं नाहीस." त्यानं मान वर केली नाही. खाकीतल्या माणसानं सांगून असं ओझं उतरत नाही, हे तेव्हा कळलं.

मग एक विचार माझ्या मनात आला. "असे कॅन आणखी कुणी नेले?"

तो बोटांवर मोजायला लागला. बोटं नीट मिटत नव्हती. केंद्रावर काम केलेल्यांची सहा घरं होती. पडून वाया जाईल म्हणून प्रत्येकानं एकेक नेला होता. कोणाला त्यात चोरी वाटली नव्हती.

मी त्याच दिवशी गाडी काढली. तो म्हणाला, "मले न्या साहेब. मी सांगतो त्यायले." कोठडीतल्या माणसाला असं नेता येतं का, हा प्रश्न होता. मी डायरीत पुरावा दाखवण्यासाठी नेत असल्याची नोंद केली. ती खोटी नव्हती.

एका घरी कॅन गॅसच्या सिलिंडरला टेकून ठेवला होता. एका घरी त्यातलं काढून पाण्याच्या बाटलीत भरलं होतं आणि बाटली फ्रीजच्या दारात होती. तिसऱ्या घरी एक बाळंतीण होती. तिची आई रोज खोली त्यानंच पुसायची, खिडक्या लावून, आणि बाजेखाली शेक द्यायला शेगडी. ती बाई म्हणाली, "पान्यासारखंच तर हाये साहेब. पाय लावला का थंड लागते."

त्यावर तो पुढे झाला. घरात शिरला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "बाई, माही बायको यानंच गेली," तो म्हणाला. "मी सांगतलो मनून गेली. खिडकी उघड. शेगडी बाहेर काढ आधी." मग त्यानं पट्ट्या बांधलेले दोन्ही हात पुढे धरून दाखवले. त्या बाईनं शेगडी उचलून अंगणात नेली. सहाही घरी त्यानं हेच सांगितलं, याच शब्दांत. 

प्रयोगशाळेचा अहवाल पुढे आला, तो सरांच्या म्हणण्याप्रमाणेच होता. शवविच्छेदनात लिहिलं होतं की भाजल्याच्या जखमा शरीराच्या पुढच्या आणि खालच्या भागावर आहेत, डोक्यावरून काही ओतल्याचं लक्षण नाही. ती वेणी मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. मी न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल दिला आणि तो सुटला. केंद्राच्या सामानाची वेगळी खातेचौकशी झाली. त्यात पहिलं काय झालं असेल तर चौकीदाराचं कंत्राट संपलं.

मी स्वतः त्याच्या मेहुण्याच्या गावी गेलो. अहवालाची प्रत दिली, सगळं समजावून सांगितलं, आणि माझी चूक झाली हेही सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं.

"तुमचा कागद खरा असन साहेब," तो म्हणाला. "पण तिले नको होतं ना ते घरात. ती नाई म्हणली होती. तेवढं तरी ऐकाले पाहिजे होतं कोनी."

 तिचं घरात तिच्या नवऱ्यानं ऐकलं नव्हतं. तिचा जबाब मी ऐकला नव्हता. तिच्या सासूचं तर मी ऐकून खोडून टाकलं होतं. तीन वेळा एखादी बाई खरं बोलली आणि तिन्ही वेळा पुरुषाला जास्त कळतं असं ठरलं.

म्हातारी त्याच उन्हाळ्यात वारली. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं राहून गेलं. ती करू देत नव्हती असं हवालदार बाईंनी मला सांगितलं. त्या अधूनमधून तिच्याकडे जात राहिल्या होत्या, मला न सांगता.

निवृत्तीला वर्ष झालं तेव्हा चंद्रपूरच्या बसस्थानकावर तो मला दिसला. आता एका राइस मिलमध्ये हमाली करतो म्हणाला. हातांची कातडी आवळून आली होती, पण ओझं उचलता येत होतं. आम्ही बाकावर बसून चहा घेतला. मी मुलीबद्दल विचारलं.

"मामाकडंच शिकते. हुशार हाये. सुटीत पाठवते मामा आठ दिवस." तो कप हातात फिरवत राहिला. "चूल पेटवली का बाहेर जाऊन बसते. विझेपर्यंत आत नाई येत. मनून ती झोपेत असते तोवरच मी सयपाक करून घेतो. ती उठते तवा चूल थंड असते."

त्याची बस लागली. त्यानं हात जोडले आणि गेला.

या प्रकरणानं मला काय शिकवलं असं लोक विचारतात. घरात येणाऱ्या प्रत्येक डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला विचारा, आणि दवाखान्याची वस्तू घरात औषधासारखी वागेलच असं धरून चालू नका, हे तर मी सांगतोच. पण मला स्वतःला जे शिकायला मिळालं ते वेगळं आहे. सगळं खरं पहिल्याच दिवशी, संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर सांगून झालं होतं. एका मरणाऱ्या बाईनं चार ओळींत सांगितलं होतं आणि एका डोळ्यावर पट्टी असलेल्या म्हातारीनं दोन ओळींत. मला शोधायचं काहीच नव्हतं. लिहून घ्यायचं होतं.